चमचे

ओहोटी लागली की मी अजून जाते, गुडघाभर चिखलात,
दाताळ्यानं वाळू ओढत, तिसऱ्या वेचत.
गॅलिसियाच्या या खाडीत
बायकांच्या पाठी भरतीलासुद्धा सरळ होत नाहीत.
लिलावाच्या फळ्यावर खडूनं भाव लिहितात,
पुसतात, कमी करून लिहितात.

त्या वर्षी सिंदो आला, नवऱ्याचा मावसभाऊ.
म्हणाला, एर्मितास, तुझी मक्याची कोठी
रिकामीच असते ना?
चार रात्री खोकी ठेवतो. सिगारेटी आहेत नुसत्या.
बुडालं तर सरकार बुडेल.
आम्ही हसलो.
त्या पैशांत कौलं फेरली,
ब्रेइशोच्या पुढे आलेल्या दातांना तार बसवली.
चर्चमधला पाद्रीही त्याच सिगारेटी ओढायचा.

मग खोकी लहान झाली आणि पाकीट जाड.
मी विचारलं नाही.
न विचारण्याचेच ते पैसे होते.

कोठी उभी असते दगडी पायांवर,
प्रत्येक पायावर एक चपटी गोल शिळा,
उंदीर वर चढू नये म्हणून.
सासरा सांगायचा,
ऐंशी वर्षांत एक दाणा गेला नाही.
शिळा अजून तशाच आहेत.

आधी चमचे गेले.
कॉफीचे, लग्नात आलेले, बारा.
नऊ राहिले, मग सहा.
मी शेजारणीवर आळ घेतला,
तिच्या स्वयंपाकघरात घुसून खण ओढला.
तिच्याकडे चारच उरले होते.
दोलोरिन्यानं खण हळूच लोटला,
मला बसायला खुर्ची दिली.
आम्ही दोघी बराच वेळ
टेबलावरच्या मेणकापडाकडे बघत राहिलो.

एक सापडला न्हाणीघरात, टाकीच्या मागे.
बुडाशी काळा.
राखेनं घासला, वाळूनं घासला,
घासता घासता स्वतःचा चेहरा दिसायला लागला
तेव्हा थांबले.

दोलोरिन्याचा मुलगा पेट्रोलपंपाच्या संडासात गेला,
आतून कडी लावलेली.
दफनाच्या दुसऱ्या दिवशी गावातल्या आया
सिंदोच्या फाटकाशी गेल्या,
गज धरून हलवले, त्याच्या नावानं ओरडल्या.
ती सगळ्यांत पुढे.
मी नाही गेले.
पडद्यामागं उभी होते, मुठीत कोठीची किल्ली.

माझा जगला.
जगला म्हणजे एकोणपन्नास वर्षांचा आहे,
आणि बसमध्ये पोरं त्याला आजोबा समजून जागा देतात.
रोज सकाळी दवाखान्यात
हिरवट औषधाचा पेला नर्ससमोर पितो,
तोंड उघडून दाखवतो.
तार काढली तेव्हा किती हसत होता,
आरशासमोरून हलेना.
त्यातले सात दात आहेत.

कधी कधी विचारतो,
आई, तेव्हा कोठीत काय असायचं गं?
मी म्हणते, मका.
तो मान हलवतो.
त्याला माहीत आहे. पहिली पुडी त्यानं
कुठल्या खोक्यातून फाडून काढली
हे मला माहीत आहे.
आणि हे दोघांनाही माहीत आहे
हे आम्ही एकमेकांना कधी सांगितलेलं नाही.

बाजारातून मी नवे चमचे आणलेत, सहा.
तो हात लावत नाही.
कॉफीतली साखर सुरीच्या टोकानं ढवळतो,
सावकाश, काठाला आवाज न करता.
मी बघते.
मग भिंतीवरचं भरतीओहोटीचं कोष्टक बघते
आणि दाताळं उचलते.