पट्टीनं आखलेला कागद

मुहर्रकच्या या खोलीवरून विमानं इतकी खाली उतरतात
की चाकं मोजता येतात.
आठवडाभर नाईट केलेल्या बाईला
हे दिवसा झोपताना कळतं.
छत थरथरतं, फ्रिजवरचा कागद थरथरतो,
आणि मी उठून बसते, कुणीतरी रडल्यासारखं वाटून.

कागदावर तीन रकाने आखलेत,
वॉर्डातल्या चार्टसारखेच, पट्टी लावून:
रियाध. गॉलवे. मिरज.
पगार. रजा. भाडं. परीक्षा पुन्हा द्यायची की नाही.
हिवाळ्यात अंधार किती वाजता पडतो.
वय लिहिलेलं नाही. चौतीस.
ते सगळ्याच रकान्यांत सारखंच बसतं.

अनुग्रह पुलापलीकडे, जुबैलला.
गुरुवारी रात्री येतो, शनिवारी रात्री जातो.
पुलाच्या मध्यावर कस्टमची रांग,
तिथून त्याचा फोन: "अजून चाळीस गाड्या."
महिन्यातले आठ दिवस आमचा संसार;
त्यातले माझ्या देहाला सोयीचे किती,
ते पाळीच्या तारखांवर आणि ड्युटीच्या रोस्टरवर
एकेक बोट ठेवून बघायचं.
गेल्या पाच महिन्यांत एकदाच जुळलं होतं.
त्या रात्री पुलावर धुळीचं वादळ.

आई म्हणते, "मिरजेला ये. मी आहे ना अजून धडधाकट."
तिच्या त्या 'अजून'चा मला धसका आहे.
मिरजेचा पगार मी पेन्सिलीनं लिहिला,
पुसता यावा म्हणून.
पुसून वाढणार थोडाच.

रियाधच्या बाई फोनवर फार गोड बोलल्या.
हॉस्टेल फुकट, तिकीट फुकट,
"फॅमिलीचं नंतर बघू, सिस्टर."
हे 'नंतर' मी ओळखते.
सात वर्षं त्याच्या शेजारीच राहते आहे.

मग मारिविकचं झालं.
आमच्याच वॉर्डात बाळंत झाली. मुलगी,
दोन हजार नऊशे ग्रॅम, मीच काट्यावर ठेवली.
तिसऱ्या महिन्यात मावशीबरोबर पाठवून दिली इलोइलोला.
एका खोलीत सहाजणी, बाळ ठेवणार कुठे?
ती मात्र दर चार तासांनी लिननच्या खोलीत जाते,
पंप लावते,
बाटलीवर सवयीनं तारीख-वेळ घालते
आणि बेसिनमध्ये ओतून येते.
"अंगाला अजून कळलेलं नाही," म्हणाली, हसत.
मी नळ सोडला. तिनं हात धुतले. मीपण धुतले.
मग दोघी अकरा नंबरकडे पळालो, तिथलं रडत होतं.

त्या सकाळी घरी येऊन
कागदावर एक ओळ वाढवली:
माझी नाईट असेल तेव्हा बाळ कुणाच्या कुशीत?
रियाधखाली आडवी रेघ.
मिरज: आई. (अजून.)
गॉलवेखाली काय लिहायचं ते सुचेना.
तिथे गेलेली ब्लेसी सांगते, पाळणाघर म्हणजे दुसरं घरभाडं,
आणि वारा असा की छत्री आणूच नकोस.

गुरुवारी कागद त्याच्यासमोर ठेवला.
चौदा वर्षं बॉयलरपाशी काढलेला माणूस,
गेज वाचावा तसा वाचतो, न बोलता.
गॉलवेत त्याच्या सर्टिफिकेटांना कुणी विचारणार नाही,
हेही त्यानं वाचलं असणार. मी लिहिलं नव्हतं.
चहावर साय धरली.
वरून एक विमान गेलं, कोपरा फडफडला,
त्यानं तळव्यानं दाबून धरला आणि पेन्सिल मागितली.
शेवटच्या ओळीत, गॉलवेच्या खाली, लिहिलं:
मी.
मग जरा थांबून,
अर्जात अनुभव लिहावा तसं:
वरणभात येतो. बाकी शिकेन.

मी विचारलं, डाळीला शिट्ट्या किती?
"तीन," म्हणाला, खात्रीनं.
चार लागतात.
सांगितलं नाही.