गांध

ऋजुताच्या दोन्ही पोटऱ्यांवर मिळून एकतीस.
मी मोजल्यात. मोजणं माझं कामच आहे:
सोहारच्या इस्पितळात रात्रपाळीला
काचपट्टीवरच्या शंभर पांढऱ्या पेशी, एकेक कळ दाबत.
नारिंगी दाण्यांच्या शंभरात चार-पाच असतात, चालतं.
परवा तिच्या थेंबात अकरा निघाल्या.
पट्टीवर नाव नव्हतं, नुसता नंबर.
तरी दुसऱ्यांदा मोजल्या.
अकराच.

मिरजेहून मावशी म्हणते, पित्त आहे गं,
आमसुलाचं पाणी लाव.
लावलं. चादरीला डाग पडले, खाज तशीच.

घरामागे खजुराची बाग. दुपार कलली की
फलजचं पाणी इकडे वळवतात,
रात्रभर आळ्यांत उभं असतं ते, चंद्र बिंद्र घेऊन.
पाणी धरणारा मोफिजुल हात पुढे करून दाखवतो:
तेवीस वर्षं चावतायत दीदी, बघा.
बघितला. कोरा हात.

"चावला इथे, मग तिथे का खाजतं?"
तिथे म्हणजे घोट्यावर,
जिथली पंधरा दिवसांपूर्वीची गांध
बसून, वाळून, तपकिरी झाली होती
आणि आज मानेवर नवा डास काय बसला,
हीसुद्धा उठली, हजेरीत नाव घेतल्यासारखी.

मी सांगते, चावते ती मादी.
रक्त गोठू नये म्हणून आधी आपली थुंकी सोडते आत.
"शी!"
हो, शी. तुझं अंगही तेच म्हणतंय.
कातडीखाली काही पेशी बसलेल्या असतात,
खिसेच खिसे असलेला सदरा घालून,
खिशांत हिस्टामिनच्या पुड्या.
थुंकी ओळखीची निघाली की सगळे खिसे एकदम उलटे.
"ओळखीची कशी? त्यांना कुणी सांगितलं?"

कुणी नाही.
पहिल्या आठवड्यात चावे होते, गांध एकही नव्हती.
मी फोनवर मिरवलंसुद्धा:
मानवलं हो पोरीला इथलं पाणी.
अंग तेव्हा नुसतं ऐकून घेत होतं.

विमानतळावरही ती रडली नव्हती.
चार वर्षांनी भेटलेल्या आईला
सरळ हात दिला, बॅग दिली,
गाडीत विचारलं, एसी बंद होतो का.
मला वाटलं, बरं झालं.
अठराव्या दिवशी पेन्सिलीचं टोक मोडलं
आणि ती मावशीच्या नावानं
संध्याकाळपर्यंत रडली.

डॉक्टर बद्रिया नखं कापायला सांगतात,
मलम देतात, जाळी लावा म्हणतात.
मग कागदाच्या पाठीमागे पायऱ्या काढतात:
आधी काहीच नाही.
मग दुसऱ्या दिवशी उठतं.
मग लगेच उठतं आणि दुसऱ्या दिवशीही.
मग नुसतं लगेच.
मग पुन्हा काहीच नाही.
किती दिवस? वर्षं, म्हणतात,
आणि पुढच्या मुलाला हाक मारतात.

जाळी लावली. चारी टोकं गादीखाली खोचली.
खोचताना मनात आलं,
चावूच दिलं नाही तर अंग शिकणार कधी?
तरी खोचली.

आता दोन वाजलेत. ती झोपेत खाजवते आहे.
फ्रीजमधला चमचा काढून
घोट्यावर धरते, वितळेपर्यंत नाही,
चमचा वितळत नाही, माझ्या हाताइतका कोमट होईपर्यंत.
मग दुसरा चमचा.
जाळीबाहेर राहिलेल्या माझ्या दंडावर
एक बसली, प्यायली, जड होऊन उडाली.

मी वाट पाहिली.
सकाळी पाहिली. दुसऱ्या दिवशीही.
काहीच नाही.

डॉक्टरांच्या कागदावर
ही ओळ दोनदा आहे,
सगळ्यात वर आणि सगळ्यात खाली.