बोटाच्या पेराएवढं

बुधवारी वेंगुर्ल्याच्या सरकारी दवाखान्यात
आधी हात येतात, माणसं मागून.
टेबलावर उताणे ठेवतात
आणि स्वतः दुसरीकडे बघत बसतात,
हात कुणा शेजारणीचे असावेत तसे.

केसपेपरवर मी लिहितो:
स्त्री, बेचाळीस, काजू कारखाना, तेरा वर्षं.
पुरुष, एकोणतीस, गवंडी.
स्त्री, पन्नास, कोळंबी सोलते, बर्फात.
स्त्री, चौतीस, घरकाम.
घरकाम लिहायला कागदावर
एवढीशीच जागा आहे.

लहानपणी दमा होता?
कोपराच्या खोबणीत खाज?
कामाला सुट्टी असली की बरं वाटतं?
इथवर सगळी नीट उत्तरं देतात.
सुट्टीपाशी हसतात.

"हात पाण्यात घालू नका," मी म्हणतो.
द्वारका कुबल माझ्याकडे बघते,
समुद्राला जरा पलीकडे सरकायला
सांगितल्यासारखी.
"मगे हात खंय ठेवू, डॉक्टरानु?
फळयेर?"

इस्माईल गवंड्याला रबरी मोजे लिहून दिले होते.
मोज्यात घाम, घामात खाज,
खाजेत पुन्हा सिमेंट.
मोजे आता बायको वापरते,
फणस कापताना.

मलम कसं लावायचं ते मी बोटावर दाखवतो:
ट्यूबमधून एवढी रेघ, पहिल्या पेरापर्यंत,
ती दोन तळव्यांना पुरते.
रात्री एकदा. दोन आठवडे. मग एक दिवसाआड.
साबण कमी. वर व्हॅसलिन, लाज न बाळगता.
ट्यूब पंधरा ग्रॅमची.
घरी गेल्यावर तिच्यात सासूची टाच असते,
दिराचा गजकर्ण (तो तर तिने वाढतो),
आणि एकदा, शपथेवर सांगतो,
शेळीचा कान.

सुगंधा आरोलकर, काजूवाली.
टरफलाचं तेल तिच्या बोटांत इतकं मुरलंय
की आंगठ्याला ठसाच उरला नाही.
रेशनच्या यंत्रावर तिसऱ्या खेपेला
दुकानदार म्हणाला, "तू आसस खरी, पण मशीन नाय म्हणता."
हे तिनं मला हसत सांगितलं.
बोटांच्या सांध्यांवर चिरा होत्या, आत ओलं लाल.
कामाआधी हाताला राख चोळते, एरंडेल चोळते,
आईनं शिकवलं तसं.
राख बंद करा म्हणालो. एरंडेल राहू द्या.

तिला मी सुती हातमोजे दिले,
पांढरे, माझ्या बॅगेतले शेवटचे,
मलमावर रात्री घालायला.
महिन्यानं विचारलं, घालता ना?
ती गप्प.
मग: "पूर्वाक दिलंय. सव्वीस जानेवारीक
परेडीत सगळ्यांका पांढरे होये होते."
मी चिडलो. खरंच चिडलो.
बाहेर चाळीस माणसं होती आणि पंखा बंद.
मग ती म्हणाली,
"रात्री तिचे शाळेचे पायमोजे घालतंय हातात.
चलतत मा?"

चालतात, म्हणालो.
केसपेपरवर काय लिहावं कळेना.
'मोजे: चालू' लिहिलं.

मार्चमध्ये ती आली तेव्हा चिरा मिटल्या होत्या.
तळवा खरखरीत, पण कोरडा, शांत.
मी विचारलं, काय फरक वाटतो?
खाज, वेदना, झोप असलं काहीतरी
ऐकायची माझी तयारी होती.

"सकाळी पूर्वाची वेणी घातलंय," ती म्हणाली.
"आधी केस माझ्या बोटांत अडकायचे,
ती आय गे करून ओरडायची.
आज ओरडली नाय.
मागे वळान बघल्यान,
दुसऱ्या कोणी घातली की काय म्हणान."

त्याच आठवड्यात मुकादमानं
दोन पाळ्या लावल्या.
नवी काजू येऊन पडली होती गोदामात, छपरापर्यंत.

मी आणखी एक ट्यूब लिहिली.
सासूला यातली देऊ नका म्हणालो.
तिनं मान हलवली,
आणि उताणे हात
टेबलावरून उचलून
पदराखाली नेले.