पाच अंशांची चूक

नागपुरात अंश म्हटलं की माणसं आधी आभाळाकडे बघतात.
मे महिना, धंतोली, पहिला मजला,
कूलरमध्ये सकाळपासून दोनदा पाणी भरलेलं.
मी म्हणाले, चोवीस.
गुणवंत मेश्राम म्हणाले, "एवढंच? बाहेर तर शेचाळीस हाये जी."
मग एक्सरेवर पोरीच्या कण्याची वळत गेलेली रेघ दिसली
आणि ते गप्प झाले.

आधी त्यांनाच कळलं होतं.
कमाल चौकात शिलाईचं दुकान;
श्रावस्तीचा युनिफॉर्म बेतताना
डावा खांदा टेपला पटेना.
दोनदा मोजलं. टेप बदलून मोजलं.
"सरळ उभी राह्य न वं."
"उभीच हाये न, बाबा."

दहा महिने झाले त्याला.
आठवड्यातून दोनदा माझ्याकडे, रोज घरी अर्धा तास:
आरशासमोर, भिंतीवरच्या शिडीला धरून
पाठीच्या खोलगट बाजूत श्वास भरायचा,
चुरगळलेल्या बाहीत हात घालावा तसा, हळू.
कधी रडली. कधी परीक्षा आहे म्हणून बुडवलं.
एकदा बरगडीखाली तांदळाची पुरचुंडी घेऊन
कुशीवर तशीच झोपून गेली.
मी उठवलं नाही.

नवा एक्सरे: एकवीस.
गुणवंतरावांनी खालून समोसे आणले,
रखवालदारालासुद्धा दिले.

मला गप्प बसता आलं असतं.
पण रात्री मी ते अभ्यास वाचते:
इकडे चाळीस मुली, तिकडे पन्नास,
कुठे सहा महिन्यांत अर्ध्या गळालेल्या,
आणि शेवटी तेच सावध, कोरडं वाक्य:
फायदा दिसतो; खात्री कमी.
म्हणून सांगितलं, एकच एक्सरे दोघांनी मोजला
तरी पाच अंश इकडचे तिकडे होतात.
तीन म्हणजे कदाचित काहीच नाही.
वाढलं नाही, एवढं म्हणता येईल.
तेही व्यायामानं की आपसूक,
मला ठाऊक नाही.

समोशाचं तेल कागदावर पसरत होतं.
श्रावस्ती बापाकडे न बघता माझ्याकडे बघत होती.

ते म्हणाले, "मॅडम, टेपात चूक राह्यतेच.
मी बी अर्धं बोट धरूनच कापतो.
म्हणून तर शिवणीत माया सोडतो आम्ही.
अंग वाढते. उसवता आलं पाह्यजे."

मग थोड्या वेळानं,
"मंगळवारी सहाला आणू न?"

मी हो म्हणेपर्यंत
ती शिडीपाशी पोचलीसुद्धा होती,
सँडल काढत, एका पायावर,
डगमगत.