आवृत्ती शून्य पूर्णांक तीन

कन्नमवार नगर, विक्रोळी. दुसरा मजला.
इस्त्रीच्या फळीवर लॅपटॉप ठेवून
मी एका टूलची माहितीपुस्तिका लिहिते आहे.
हे टूल राउटरचं नाव बदलतं, पासवर्ड बदलतं,
चॅनल सहावरून अकरावर नेतं,
कुणाला आत घेतं, कुणाला बाहेर ठेवतं.
वापरणारा माणूस नाही. एजंट.

आईने मेथी निवडता निवडता विचारलं,
एजंट? मग दलाली किती?
तिला तीनच एजंट माहीत:
आरटीओतला, विम्याचा, आणि ही खोली दाखवणारा.
तिघांनीही पैसे खाल्ले.
म्हटलं, हा काही खात नाही गं.
म्हणाली, मग त्याला धरणार कशाने?

माणसासाठी लिहिणं सोपं होतं.
माणूस पुस्तिका वाचतच नाही,
बटण दाबतो, मग फोन करतो.
हा सगळं वाचतो, स्वल्पविरामासकट,
आणि तस्संच करतो.
मी ‘शक्यतो’ लिहिलं,
निस्सीम पेणकरने तांबड्यात खोडलं:
शक्यतो म्हणजे किती?
‘काळजीपूर्वक’ खोडलं. ‘गरज पडल्यास’ खोडलं.
अडखळायला एक उंबरठा ठेवला नाही.

पहिली चाचणी घरच्याच राउटरवर.
एजंटने पासवर्ड बदलला
आणि त्याच क्षणी स्वतःच तुटला.
बसला होता तीच फांदी.
नवा पासवर्ड त्याच्यापाशी, राउटर माझ्यापाशी,
मध्ये काही नाही.
टाचणीने मागचं भोक दाबून दहा आकडे मोजले
आणि लिहिलं:
इशारा एक. नवा पासवर्ड आधी मालकाला सांगावा, मग बदलावा.

दुसरी, मंगळवारी रात्री.
एवढंच सांगितलं होतं, नेट हळू चालतंय, बघ जरा.
त्याने बघितलं.
आसपास एकोणीस नावं,
दारावर पाटी नाही त्यांचीही हवेत पाटी:
तोरसकर_वरचा_मजला,
आमचं_आम्हाला_पुरत_नाही.
गर्दीचा चॅनल सोडला. शाब्बास.
मग घरातली यादी वाचली. सहा डिव्हाइस.
पाचांना नाव, एकाला नुसते आकडे.
काढून टाकलं.
अहवाल कसा नीटनेटका:
वेग सुधारला. एक अनोळखी डिव्हाइस हटवलं.

पाचव्या मिनिटाला कडी वाजली.
शेजारचे घाडीकाका, टाकसाळीतून निवृत्त,
चष्मा कपाळावर, टॅब उराशी.
रोज साडेनऊला देवगडच्या भावाशी बुद्धिबळ.
पासवर्ड मीच दिलेला, काकू गेल्या त्या महिन्यात,
काकांच्या तळहातावर पेनाने लिहून.
त्याची नोंद कुठे नाही.
‘त्याचो हत्ती मारूचो होतो गो,
इतक्यात माझाच घड्याळ पडला.’

रात्री त्या रकान्यापाशी अडले.
अनोळखी म्हणजे काय? व्याख्या द्या.
ज्याचं नाव यादीत नाही.
खोडलं.
ज्याला मालकाने नाव दिलेलं नाही.
खोडलं.
आई घोरत होती, फळीवर राउटरचा हिरवा ठिपका
लागत होता, विझत होता.
ज्याच्याबद्दल अजून कुणी विचारलेलं नाही.
हे ठेवलं. आणि खाली:
इशारा चार. काढण्याआधी विचारावं.
उत्तर आलं नाही, तर तो नकार समजावा.
मालक झोपलेला असू शकतो.

निस्सीमने शेवटची ओळ खोडली,
बाकीचं राहू दिलं.
समासात फक्त: दोन आणि तीन कुठे गेले?
मी कळवलं, ते अजून घडायचे आहेत.

मग काकांच्या टॅबच्या आकड्यांवर नाव टाकलं: हत्ती.
एजंट म्हणाला, नोंद झाली.
भिंतीपलीकडे कुणीतरी खोकलं,
म्हणजे चाल काकांची.