हद्दीचा नाला

नाल्याच्या अलीकडे नागपूर महापालिका,
पलीकडे आमची ग्रामपंचायत;
डास तेवढे दोन्ही यादीत नाव असलेले.

सात वर्षं पत्रं गेली:
‘सदर बाब आपल्या अखत्यारीत येते.’
उत्तरंही तीच आली, शिक्का वेगळा.

मग मे महिन्यात, सेहेचाळीस अंशांत,
सरपंच शेवंता उईके बाभळीखाली बसली.
झोनचे खोब्रागडे साहेब
रुमाल नाकाला लावून काठावर उतरले.
“जेसीबी तुमचा, डिझेल आमचं.”
“अन् गाळ?”
बराच वेळ कोणी बोललं नाही.
तिनं मठ्ठ्याचा गिलास पुढं केला.
“अर्धा-अर्धा, बावा.
वास तं पयलेपासूनच वाटून घेतो ना आपण.”

ठराव मी लिहिला, गुडघ्यावर वही ठेवून.
खाली दोन शिक्के,
जागा कमी पडली म्हणून
थोडे एकमेकांवर चढलेले.