सोपे रूप द्या

प्रश्न चौथा, उपप्रश्न तीन.
गांगुर्डे सर फळ्यावर लिहीत होते तेव्हा
पाथर्डी फाट्याकडून आलेल्या बसचा उजेड
खिडकीतून त्यावर फिरून गेला.
मोठा कंस. आत दोन छेद तीन, डोक्यावर उणे दोन.
वजा एक छेद दोन, डोक्यावर दोन.
कंस बंद. गुणिले एक छेद दोनचा चौथा घात.
आणि शेवटी, शेपटीसारखं,
गुणिले सदतीस छेद एक्केचाळीस, डोक्यावर शून्य.

नववीत मी इथेच थांबले होते, पेठला,
सत्तावीस वर्षांपूर्वी.
घातांक म्हणजे मला वाटायचं
आकड्याच्या खांद्यावर बसलेलं पोर.
उतरवायचं कसं, कुणी सांगितलंच नाही.

आता दिवसभर अंबडच्या टूल रूममध्ये बसते.
खिडकीतून हात येतो, तेलकट.
"मावशी, पाच अष्टमांश." "मावशी, नऊ सोळांश."
मी न बघता पाना देते.
अपूर्णांक माझ्या हाताला माहीत आहेत,
वहीला नाहीत.

सर म्हणतात, घाई नको. कंचेभागुबेव. आधी कंस.
उणे घात म्हणजे कोलांटी:
अंश खाली, छेद वर, आणि उणे गळून पडतं.
तीन छेद दोन, त्याचा वर्ग, नऊ चतुर्थांश.
त्यातून एक चतुर्थांश गेला,
राहिले आठ चतुर्थांश, म्हणजे अख्खे दोन.
एवढ्या मोठ्या कंसातून फक्त दोन!
शेजारचा बेंडकोळी पुटपुटला,
"पोतंभर पाखडलं, मूठभर निघालं."

अर्ध्याचं अर्धं, त्याचं अर्धं, त्याचंही अर्धं:
एक सोळांश.
सरांनी दोनने गुणलं, वरही आणि खालीही.
दोन छेद बत्तीस. मग काट मारून
एक छेद सोळा.
खडू ठेवला, बोटं झटकली.
सर सकाळी सातपासून नाशिकरोडच्या शाळेत उभे,
रात्री आमच्यासमोर.

सगळ्यांनी उतरवून घेतलं.
माझं पेन चालेना.
सोळांशाची पत्री मी रोज मोजून देते,
डबीतून दोन बोटांनी.
एकीवर एक ठेवली की सूत भरतं.
भरतंच. आजवर कधी चुकलं नाही.
दोन पत्र्यांची जाडी एकीएवढी कशी राहील?

मी उभी राहिले. गुडघा वाजला.
"सर, एक सूत यायला पाहिजे."
"काय?"
"सूत, सर. इंचाचा आठवा. एक छेद आठ."

ट्यूबलाइटची गुणगुण तेवढी ऐकू येत होती.
सर फळ्याकडे वळले, बराच वेळ पाहत राहिले,
मग तळव्यानेच बत्तीस पुसला.
"छेदाला हात लावायचा नव्हता," स्वतःशीच म्हणाले,
"झोप आली की दोघांनाही गुणतो मी."
आणि एक छेद आठच्या पुढे
बारीक अक्षरात लिहिलं: एक सूत.

त्रिमूर्ती चौकापर्यंत चालत गेले,
सोपं रूप म्हणजे काय ते तोंडात घोळवत.
किंमत तीच, पसारा तेवढा आवरलेला,
कपाटातल्या पान्यांसारखा.
पण त्या शेपटीचं मला अजून पटलेलं नाही.
सदतीस छेद एक्केचाळीस, डोक्यावर शून्य,
आणि त्याचा होतो म्हणे एक!
शून्य वेळा घेतलं तर शून्यच उरायला हवं ना?

बेंडकोळीला विचारलं. तो रात्रपाळीचा वॉचमन,
सायकल हातात धरून उभा.
म्हणाला, "कुणीच आत आलं नाही
तरी गेटवर एक जण असतोच की."

हसले मी. उद्या सरांना विचारणार आहे,
हे उत्तर चालतं का.